पाचवी नस

मंगळवार, ४ जानेवारी १९५५. जालना.

थोरल्या भावाला, भाईजींना, मराठी अक्षर वाचता येत न्हाई, म्हणून हे मराठीत लिहून राह्यलो. दुकानाच्या वह्या मुडिया लिपीत असतात, त्या ते चष्मा न लावता वाचतात. मला लहानपणी पिंपळगावात मास्तरांनी मराठी शिकवलं. त्यातलं शुद्ध अर्धंच टिकलं, पण भीती लिहायला तेवढं पुरतं.

मी भित्रा माणूस आहे, हे आमच्या सगळ्या कादराबाद पेठेला माहीत. रामनिवास अडत्याच्या डोक्यावर पाल चुकचुकली तर आज दुकान बंद, असं लोक म्हणतात. म्हणू द्या. भीती पोटात ठेवली की माझं पोट बिघडतं, म्हणून कागदावर काढून ठेवतो.

आज सकाळी बद्रीची माय चूळ भरता भरता मोरीत खाली बसली. बद्री आमचा एकुलता, नागपूरला शिकून राह्यला. बायकोचं नाव तोंडानं घ्यायची आमच्यात रीत न्हाई, पण कागदाला कुठं कान असतात. लाडबाई. तिनं उजवा गाल तळहातानं गच्च दाबला आन् डोळे मिटले. आवाज बिलकुल न्हाई. मी तांब्या हातात धरून नुसता उभा. थोड्या वेळानं उठली आन् म्हणाली, "काही न्हाई. गालातनं वीज गेल्यावानी झालं."

"वीज? कुठनं कुठं?"

"कानापासनं ओठापर्यंत."

मी म्हणलं दाढ असेल. ती म्हणाली, बराबर, दाढच असेल. दोघांनाही बरं वाटलं. दाढेनं कुणी मरत न्हाई.

शुक्रवार, १४ जानेवारी. संक्रांत.

सणाचा दिवस, आन् वड्या फरशीवर.

भाईजी आले होते. जुगलकिशोर त्यांचं नाव, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. आष्टीची अडत ते पाहतात, बाजार आटोपला की परतूरहून गाडी धरून इकडं येतात. वडील गेले तेव्हा मी शेंबडा होतो. त्यांनीच बाप होऊन वाढवलं.

मोठा दीर म्हणजे आमच्यात जेठ. जेठानं भावजयीचं तोंड पाहायचं न्हाई, भावजयीनं त्यांच्याशी चकार शब्द बोलायचा न्हाई. म्हणून भाईजी ओट्यावरनंच खाकरतात. त्यांचं खाकरणं असं की गल्लीतली कुत्री उठून बसतात. खाकरलं की लाडबाई असेल तिथं ओढणी हनुवटीपर्यंत ओढून घेते. लग्नापासून आजवर एकदाही चूक झाली न्हाई, आन् त्याचा तिला अभिमानही आहे.

आजही ते खाकरले. तिनं घुंगट ओढला, तिळाच्या वड्यांचं ताट उचललं, आन् ताट हातातनं सुटलं. ताट फरशीवर गरगरत राह्यलं. घुंगटाच्या आतनं असा आवाज आला की मला आधी कळलंच न्हाई तो माणसाचा आहे. ती भिंतीला धरून घसरत खाली बसली.

भाईजी तोंड फिरवून ओट्यावर उभे राह्यले. "काय झालं रे?"

"दाढ, भाईजी."

"मंग काढून टाक ना. बसून काय राह्यलास?"

चहा न घेताच गेले. वड्या मी वेचल्या.

बुधवार, १९ जानेवारी.

दाढ काढली. बाजारातल्या दातवाल्यानं पाटावर बसवून काढली. दाढ पांढरीशुभ्र, कीड न्हाई की काही न्हाई. मी विचारलं, ही तर चांगली दिसते? तो म्हणाला, शेटजी, कीड मुळात असते, तुम्हाला दिसायची न्हाई. पटलं. मला लोकांचं फार लवकर पटतं.

आज तिनं वरण-भात खाल्ला. देव पावला.

गुरुवार, २७ जानेवारी.

देव कुठला पावतो. पुन्हा तीच वीज, त्याच वाटेनं. दातवाला म्हणाला बाजूची काढू. बाजूची काढली. तीही पांढरीशुभ्र. त्यानं तिसरीकडं चिमटा नेला तेव्हा लाडबाईनं त्याचा हात धरला आन् मानेनंच न्हाई म्हणली.

गुरुवार, ३ फेब्रुवारी.

बोलणं बंद झालंय. ओठ हलला की वीज. घास चावला की वीज. मुगाचं पाणी चमच्यानं डाव्या बाजूनं पिते, तेही भीत भीत. तोंडाची उजवी बाजू धूत न्हाई. न्हाणं झालं की गालावर मळाची रेघ तशीच राहते. दार उघडलं आन् वाऱ्याची झुळूक आली की आधी डोळे मोठे होतात, मंग हात गालाकडं जातो. कधी वीज येते, कधी येत न्हाई. येत न्हाई तेव्हा जास्त वाईट, कारण मंग आम्ही दोघंही वाट पाहत बसतो. मी दाराच्या फटीत पोत्याचे बोळे कोंबलेत. घरात दिवसा अंधार.

एक गोष्ट लिहितो, लिहायची लाज वाटते. ती गाल मुठीनं एवढा दाबते की बोटांचे वळ उठतात, आन् त्यानं तिला काही होत न्हाई. पण वाऱ्यानं होतं. दाबून दुखत न्हाई आन् फुंकरीनं दुखतं, असलं दुखणं मी जन्मात ऐकलं न्हाई. क्षणभर वाटलं, सोंग तर न्हाई? मंग तिच्या बरगड्या दिसल्या. सोंगानं माणूस एवढं वाळत न्हाई.

आज भाईजी आल्ते. ओट्यावर खाकरले, हिनं झटक्यात ओढणी ओढली, आन् आजवरची सगळ्यात मोठी वीज आली. फरशीवर लोळली. भाईजी पायरी उतरून गल्लीत जाऊन उभे राह्यले. ते गेल्यावर भांडीवाली साळूबाई राखेचा हात तसाच धरून म्हणाली, "शेटजी, एक बोलू? दुखणं दाढंचं न्हाई. मोठे शेट आले की येतं. तुमी पाह्यलं न्हाई व्हय?"

"मोठे शेट आले की येतं म्हणजे?"

"मला काय म्हाईत. त्यायच्यासंगं काहीतरी येतं. बाहेरचं. रेणुकाईला खण-नारळ कबूल करा."

खण-नारळ कबूल केला. पण मनात हिशोब सुरू झाला. संक्रांतीला भाईजी, आज भाईजी. मधल्या बाजाराच्या वेळी ते आले, तेव्हाही ती अशीच पडली होती. मी दाढ दाढ करत बसलो.

गुरुवार, १० फेब्रुवारी.

भाईजी पुन्हा आले. आज मी मुद्दाम तिच्याकडंच पाहत बसलो. ती खाटेवर शांत होती, तोंड उघडं, डोळे छताला. बाहेर खाकरणं ऐकू आलं. ऐकताक्षणी तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. वीज यायच्या आधी उडाला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाह्यलं. मंग हात डोक्यामागं गेला, ओढणी पुढं आली, तिचा जरीच्या गोट्याचा काठ नाकाजवळनं खाली उतरला, आन् ती दुमडली.

म्हणजे ती भाईजींना भिते. दुखण्याच्या आधी भीती आहे. भित्र्या माणसाला भीती बराबर ओळखू येते.

माझ्या भावाला ती का भिते?

शनिवार, १२ फेब्रुवारी.

दुकानात बसलो, पण भाव कुणाला काय सांगितला, देव जाणे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्या पाठीमागचा राक्षस आजवर परका होता. आता त्याला भाईजींचं तोंड फुटून राह्यलंय.

अट्ठेचाळीस सालचं आठवतंय. रझाकारांची धामधूम होती, रोज कुठलं तरी गाव जळाल्याची खबर. बद्री आधीच खामगावला मामाकडं होता. मी दुकान सोडून निघेना. भित्रा असून निघेना, कारण दुकान सोडायचीही भीतीच. मंग भाईजी म्हणाले, बहूला मी वऱ्हाडात पोचवतो. बाकीच्या मंडळींच्या गाड्यांबरोबर ते दोघं निघाले. वाटेत गोंधळ उडाला, लोक पांगले, हे दोघं पायी देऊळगावराजाला पोचले. मधली एक रात्र कुठं तरी काढली. कुठं, ते मी कधी विचारलं न्हाई, आन् तिनं कधी सांगितलं न्हाई. परत आली तेव्हा बरेच दिवस गप्प होती. मी म्हणलं, धसका बसलाय.

हे लिहून पान फाडावं वाटलं. फाडलं न्हाई.

बुधवार, १६ फेब्रुवारी.

आज विचारलं. तिच्या खाटेशी बसलो आन् विचारलं, "त्या साली वाटेत काय झालं?"

तिनं माझ्याकडं पाह्यलं.

"भाईजी आले की तुला का होतं? मला सांग. मी काही बोलणार न्हाई."

ती पाहतच राह्यली. ओठ थोडा हलला आन् थांबला. डोळ्यांतनं पाणी आलं, ते गालावरनं खाली यायच्या आत तिनं घाईघाईनं पदराच्या बोळ्यानं दाबून टिपलं. मंग भिंतीकडं तोंड केलं.

एक शब्द बोलली न्हाई. काही घडलं नसतं तर "काही न्हाई" एवढं तरी म्हणली असती.

शुक्रवार, १८ फेब्रुवारी.

केलं. देवा, मी हे केलं.

भाईजी दुकानात आले तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं. मी त्यांच्या पायांकडं पाहत म्हणलं, "भाईजी, आता घरी येत जाऊ नका."

"का रे? बहूची तब्येत?"

"तुम्ही आलात की वाढते."

"मी आलो की?"

मी वर पाह्यलं न्हाई. त्यांचे जोडे दिसत होते, टाचेला नेहमीसारखी आष्टीची काळी माती. ते जोडे एक पाऊल पुढं आले. मंग म्हणाले, "तुला काय वाटतं, रामू?"

ज्यांनी मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली त्यांना मी काय सांगणार होतो? मी म्हणलं, "वाटणी करून टाकू. आष्टी तुमची, जालना माझं."

ते पाणी न पिता गेले. गल्लीच्या टोकाला गेले तरी मला त्यांचं खाकरणं ऐकू आल्याचा भास होत होता.

मंगळवार, २२ फेब्रुवारी.

भाईजी येईनात तरी वीज थांबली न्हाई. चूळ भरताना येते, बोलू गेली की येते, काल तर माशी बसली म्हणून आली. फक्त ते आल्यावर यायची तेवढी मोठी न्हाई. साळूबाई म्हणते, ते बाहेरचं आता मुक्काम करून बसलंय.

साळूबाईचीच पोरगी बाळंतपणाला एका डॉक्टरीणबाईकडं गेल्ती, मार्थाबाई त्यांचं नाव. आज बंद टांग्यातनं लाडबाईला त्यांच्याकडं नेलं. बाईमाणूस, म्हणून हिनं घुंगट मागं टाकला आन् उघड्या तोंडानं बसली. मी दाराबाहेर.

आन् तिथं काही झालं न्हाई! मार्थाबाईंनी दातांवर टकटक केलं, जबडा दाबला, कानात पाह्यलं. काही न्हाई. बाहेर येऊन मला म्हणाल्या, "शेटजी, काढलेल्या दाढा आणल्यात का?"

मी पुडीत आणल्या होत्या. त्यांनी उजेडात धरून पाह्यल्या आन् कपाळाला आठी घातली. "या चांगल्या होत्या. कुणी काढायला सांगितलं?"

चोर सोडून संन्याशाला सुळी.

"दुखणं येतं ते मला डोळ्यांनी पाहायचंय. परवा घरी येते."

मी म्हणलं या. मनात म्हणलं, तुम्हाला काय दिसणार? ज्याच्यामुळं येतं त्याला मीच हाकलून लावलंय.

गुरुवार, २४ फेब्रुवारी.

आज जे झालं ते नीट लिहितो. घाई करत न्हाई.

मार्थाबाई आल्या. लाडबाई खाटेवर, ओढणी खांद्यावर. बाई स्टुलावर बसून नाडी पाहत होत्या. मी दाराशी. तेवढ्यात बाहेर खाकरणं झालं.

भास न्हाई, खरंच. गल्लीतलं कुत्रं उठून बसलं. भाईजी ओट्यावरसुद्धा चढले नव्हते, खाली रस्त्यावर उभे होते. हातात तुपाचा डबा. म्हणाले, "घरात येत न्हाई मी. घरवालीनं तूप कढवलंय बहूसाठी. चावायला नको, पातळ करून पाजा म्हणली." घरवाली म्हणजे चंदनबाई, माझी भावजय. मी डबा घ्यायला हात पुढं केला, आन् मागं लाडबाई ओरडली.

वळून पाहतो तर तिनं घुंगट ओढलेला. जेठ रस्त्यावर उभा, मधे भिंत, तरी ओढलेला. मार्थाबाई उठल्या न्हाईत की घाबरल्या न्हाईत. वीज ओसरेपर्यंत तिच्याकडं पाहत बसल्या. मंग दोन बोटांनी ओढणीचा काठ धरला आन् गालाला लागू न देता अलगद वर उचलून मागं टाकला. कोपऱ्यातल्या कापसाच्या गठ्ठ्यातनं एक तंतू ओढला. या जालन्यात कापसाला काय तोटा! लाडबाईला म्हणाल्या, "बाई, एकदाच. माफ करा." आन् तो तंतू नाकाच्या कडेला, ओठाच्या वर, नुसता टेकवला.

वीज आली.

कापसाच्या तंतूनं आली! तेव्हा खाकरणं नव्हतं, घुंगट नव्हता, काही नव्हतं. मी दाराची चौकट धरली.

वीज गेल्यावर मार्थाबाईंनी मला जवळ बोलावलं. हवेतच बोट फिरवत दाखवलं, गालाला न शिवता. "हे बघा. मेंदूतनं नसांच्या बारा जोड्या निघतात. ही पाचवी. मेंदूच्या खाली देठासारखा भाग असतो, तिथनं निघते. कानाच्या पुढं, कवटीच्या आत तिची एक गाठ असते, आणि त्या गाठीपासून तीन फांद्या फुटतात. एक डोळ्याला आणि कपाळाला. दुसरी गालाला, वरच्या ओठाला आणि वरच्या दाढांना. तिसरी खालच्या जबड्याला. यांची दुसरी फांदी बिघडली आहे. दाढा त्या फांदीच्या टोकाला आहेत. दुखणं फांदीत होतं, मेंदूला वाटलं दाढेत आहे."

"पण दाबलं तर दुखत न्हाई, बाई."

"हेच तर तिचं लक्षण. दाबलेलं चालतं. हलकं लागलेलं चालत नाही. वारा, पाणी, माशी, कापड. हलक्या स्पर्शाचा निरोप मेंदूत जाताना दुखण्याच्या वाटेला लागतो. का लागतो ते अजून कुणालाच नीट कळलेलं नाही." मंग ओढणीचा गोटा बोटांवर घेऊन म्हणाल्या, "हा काठ बरोबर त्या जागेवरून उतरतो. हे यांना केव्हाच कळलं असणार."

लाडबाईनं डोळे खाली घातले.

मी बाहेर पाह्यलं. तुपाचा डबा ओट्यावर होता. रस्त्यावर कुणी नव्हतं.

शनिवार, २६ फेब्रुवारी.

मार्थाबाईंनी गोळ्या लिहून दिल्यात. औषधाचा दुकानदार म्हणाला या मिरगीवाल्यांना देतात. झालं, मी पळत बाईंकडं. त्या हसल्या. म्हणाल्या, मिरगी न्हाई, पण काहींना याच गोळीनं गुण येतो. सगळ्यांना न्हाई. आन् न आला तर? तर मुंबईला नेऊन गालातनं सुई घालून त्या गाठीत स्पिरिट सोडतात. नस मरते, दुखणं जातं, गालही मरतो. मंग गरम-गार काही कळत न्हाई, कधी कधी डोळाही धोक्यात येतो.

आता मी गोळीला भिऊन राह्यलो, गोळी संपण्याला भिऊन राह्यलो, आन् सुईला तर झोपेतही.

बुधवार, २ मार्च.

गोळीनं थोडा गुण आहे. वीज येते, पण मधे मोकळा वेळ मिळतो. त्या वेळात ती बोलली, ओठ फार न हलवता.

मी म्हणलं, "ओढणीनं होतं हे तू सांगितलं का न्हाई?"

"कसं सांगू? जेठासमोर तोंड उघडं टाकायला बहाणा करून राह्यली, असं म्हणलं असतं सगळ्यांनी. तुम्हीसुद्धा."

दाबून दुखत न्हाई म्हणून सोंग म्हणणारा मीच.

"आन् मी त्या सालचं विचारलं तेव्हा?"

"तोंड उघडवत नव्हतं. अन् तुम्ही काय विचारताय तेही कळलं मला. रडावं तर गालावर पाणी येतं." हात गालाशी नेला, वीज येते का पाह्यलं. न्हाई आली. "सांगते. सगळ्या वाटेत ते पुढं, मी मागं. एकदाही मागं वळून पाह्यलं न्हाई. मी त्यांच्या जोड्यांच्या टाचा पाहत चालले. आजही बाजारात शंभर माणसं उभी केली तर टाचांवरनं वळखीन. रात्री एका मेंढवाड्यात मला बसवलं अन् आपण बाहेर कुंपणाशी पाठ करून बसले. मी भ्याले होते. त्यांच्याशी बोलता येईना, हाक मारता येईना. त्यांना कसं कळलं कोण जाणे, थोड्या थोड्या वेळानं खाकरत राह्यले. रातभर. मी हाय, असं कळावं म्हणून."

मंग वीज आली, आन् मी तिच्याजवळ बसून राह्यलो.

रडलो. लिहायला काय लाज.

रविवार, ६ मार्च.

आष्टीला जाऊन आलो. भाईजी अडतीत कापसाच्या गंजीपाशी उभे होते. मी सरळ पाय धरले. सगळं सांगितलं, नस, फांद्या, तंतू, ओढणी. माझ्या मनात काय आल्तं ते तेवढं सांगितलं न्हाई.

त्यांनी ऐकून घेतलं. मंग म्हणाले, "त्या दिवशी तुला काय वाटलं होतं?"

मी पुन्हा त्यांच्या जोड्यांकडं पाहू लागलो.

"राहू दे," ते म्हणाले. "चल, जेवून घे. घरवालीनं भाकरी टाकलीय."

जेवताना मी म्हणलं, डॉक्टरीणबाई म्हणतात कापड लागू द्यायचं न्हाई. पण ती ऐकत न्हाई. जीव गेला तरी जेठासमोर तोंड उघडं टाकणार न्हाई म्हणते. भाईजी म्हणाले, "मंग मीच येत न्हाई."

"तसं नका करू, भाईजी. तुम्ही आला न्हाई तर तिला वाटतं तिच्यामुळं घर फुटलं."

ते घास चावत राह्यले. भाईजी समोर बसलेत म्हणून चंदनबाई घुंगटाआडनं मला वाढत होती. मी पहिल्यांदाच तिच्या ओढणीचा काठ कुठं लागतो ते पाह्यलं.

रविवार, १३ मार्च.

आज ते आले.

दुपारी लाडबाई भिंतीला टेकून बसली होती. बरा दिवस होता, सकाळपासनं एकच बारकी वीज. ओढणी खांद्यावर. बाहेर खाकरणं झालं आन् तिचा हात सवयीनं डोक्यामागं गेला. मी म्हणलं, "थांब. काठ लागेल." पण ती कसली थांबते! तिचे डोळे आधीच मिटले होते, वीज झेलायला. मी तिचं मनगट धरलं.

"रामू," भाईजी बाहेरनं म्हणाले, "बहूला सांग, हात खाली घे."

मी दाराकडं पाह्यलं. दारात पागोटं दिसलं, पण तोंड न्हाई. पाठ दिसली. भाईजी पाठमोरे येत होते. साठीचा माणूस, एवढा जाडजूड, एका हातानं चौकट चाचपत, दुसऱ्या हातानं धोतर सावरत, तोंड रस्त्याकडं करून उलटा चालत घरात येत होता. गल्लीतले लोक थांबून पाहत होते. त्यांच्याकडं तोंड करून भाईजी म्हणाले, "काय पाहता? जा आपापल्या कामाला."

लाडबाईनं डोळे उघडले. मी मनगट सोडलं. हात हळूहळू खाली आला, ओढणीला न शिवता. ती खाली पाहत होती, जमिनीकडं, मागं मागं सरकणाऱ्या त्या जोड्यांच्या टाचांकडं.

भाईजींनी मागं टाकायला पाय उचलला. आमचा उंबरा उंच आहे, कुणालाही ठेच लागते. मी पुढं व्हायला पाह्यलं, पण माझ्याआधी ती बोलली. लग्नापासून ज्यांच्याशी एक अक्षर बोलली न्हाई त्यांच्याशी, उघड्या तोंडानं, बोललं की वीज येते हे माहीत असून बोलली.

"जेठजी, मागं उंबरा हाय. जपून."

भाईजींचा पाय तसाच अधांतरी थांबला. आम्ही तिघंही थांबलो. मी तिच्या गालाकडं पाहत होतो.

"बरं, बहू," ते रस्त्याकडं पाहून म्हणाले, आन् पाय उंच उचलून आत टाकला.